टिकलीच्या जागी पुन्हा पुन्हा खाज, काळा किंवा पांढरा डाग: पाकीट बदलूनही त्रास का थांबत नाही

तक्रार साधारण अशी असते. टिकलीच्या जागी खाज सुटते, बारीक पुरळ येतं, चार दिवस टिकली बंद ठेवली की बसतं. मग दुसऱ्या कंपनीचं पाकीट आणलं जातं. आठवडाभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच. कुणी जागा अर्धा इंच वर सरकवतं, कुणी मोठीच्या ऐवजी मोहरीएवढी टिकली लावतं. असं वर्ष-दोन वर्षं चालतं आणि एक दिवस लक्षात येतं की तिथे बरोबर टिकलीच्या मापाचा काळपट डाग उरलाय. काहींच्या बाबतीत तो काळपट नसतो, फिकट असतो, आणि मग घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात.

उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. बहुतेक वेळा दोष टिकलीच्या वरच्या मखमली रंगाचा नसतो, मागच्या गमचा असतो. कंपनी बदलली तरी गम त्याच जातीचा असू शकतो, आणि पाकिटावर तो कशाचा आहे हे बहुधा लिहिलेलंच नसतं. त्यामुळे पाकिटं बदलत राहणं हा उपाय नाही, उलट त्या गमशी संबंध चालू ठेवण्याचा तो एक मार्ग आहे.

आधी डागाचा आकार बघा

हे काम आरशासमोर दिवसाच्या उजेडात करायचं. ट्यूबलाइटखाली फिकटपणा नीट कळत नाही.

चट्टा गोल आहे, टिकलीएवढाच किंवा तिच्याभोवती थोडा पसरलेला आहे, तर संशय टिकलीवर. चट्टा उभा आहे किंवा भांगातून कपाळावर उतरतोय, तर कुंकू किंवा शेंदूर. केसांच्या कडेकडेने पट्टा आहे, कानामागे आणि मानेवरही खाज आहे, तर टिकली सोडून द्या आणि केसांच्या रंगाकडे वळा. त्यातलं पॅरा-फेनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, हे ॲलर्जीचं फार जुनं आणि नेहमीचं कारण आहे. झटपट रंगणाऱ्या 'काळ्या मेंदी'तही तेच असतं, पाकिटावर पानं-फुलं काढलेली असली तरी. सगळं कपाळच खडबडीत आणि काळवंडलेलं असेल तर तेल, शाम्पू, क्रीम असं चेहऱ्यावर पसरणारं काहीतरी शोधावं लागेल.

खड्याची किंवा धातूच्या कडेची टिकली लावत असाल तर आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: खोट्या कानातल्यांनी कानाची पाळी चिघळते का? जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ खाज येते का? दोन्हीला 'हो' असेल तर निकेल या धातूचा संशय घ्या.

हा प्रश्न फक्त बायकांचा नाही, हेही जाता जाता. रोज अष्टगंध, गोपीचंदन किंवा बुक्का लावणाऱ्या पुरुषांच्या कपाळावरही असेच चट्टे येतात. तिथे गम नसतो, पण सुगंधी द्रव्यं आणि रंग असतात. त्यांच्याकडून ही तक्रार सहसा येत नाही, कारण तिला ते तक्रार समजत नाहीत.

जळजळ, खाज आणि रंग जाणं

ही एकाच दुखण्याची वेगवेगळी रूपं आहेत असं समजून सगळ्यांवर एकच मलम लावलं जातं. गोंधळ इथूनच सुरू होतो.

जळजळ लगेच होते. टिकली लावल्यावर किंवा ओढून काढल्यावर काही तासांत चुरचुरतं, लाली टिकलीच्या कडेच्या आतच राहते आणि एक-दोन दिवसांत बसते. हा नुसता चोळवटीचा आणि घामाचा त्रास. एप्रिल-मेमध्ये वाढतो. दिवसरात्र तीच टिकली ठेवणं, नखाने खरवडून काढणं, चिकट उरला म्हणून नेलपेंटच्या रिमूव्हरने पुसणं, ही त्याची कारणं. आणि अर्थातच आरशावर चिकटवून ठेवलेली टिकली. प्रत्येक घरातल्या आरशाच्या कोपऱ्यात ती वसाहत असते. चौथ्या-पाचव्या वापरात तिच्या गमवर पावडर, घाम, धूळ असा थर बसलेला असतो आणि ती चिकटावी म्हणून आपण तिला अंगठ्याने दाबून धरतो. इथे उपाय सोपा आहे: रात्री टिकली काढायची, खोबरेल तेलाचं बोट लावून दोन मिनिटं थांबायचं, चिकट कापसाने टिपायचा आणि मग साध्या साबणाने तोंड धुवायचं. टिकली एकदाच वापरायची. बऱ्याच जणींचा त्रास एवढ्यावरच संपतो.

ॲलर्जीची खाज उशिरा येते. टिकली लावल्यावर एक ते तीन दिवसांनी, आणि ती कडेच्या बाहेर पसरते. बारीक पाणीदार पुरळ, नंतर खपली, नंतर काळपटपणा. तेल लावून हळुवार काढल्याने ती थांबत नाही, कारण इथे शरीराच्या संरक्षक पेशींनी एक विशिष्ट रसायन ओळखून ठेवलेलं असतं. ते रसायन दिसलं की त्या पुन्हा धावून येतात, मग टिकली केवढीही असो आणि कुठेही लावलेली असो. जागा सरकवण्याचा सल्ला म्हणूनच फसतो. नव्या जागीही चट्टा येतो, आणि आता दोन होतात.

'वीस वर्षं टिकली लावतेय, आत्ताच कशी ॲलर्जी होईल?' हा प्रश्न हमखास येतो. अशीच होते. पहिल्यांदा लावल्यावर ॲलर्जी नसतेच, ती वापरातून तयार होते. कधी काही आठवड्यांत, कधी अनेक वर्षांनी. आणि एकदा झाली की बहुधा जन्मभर राहते. वर्षभर टिकली बंद ठेवून 'आता गेली असेल' म्हणून लावून पाहिली तर ती जास्त लवकर उठते.

तो गम आहे तरी कशाचा

टिकलीच्या गममध्ये जे द्रव्य त्वचारोगतज्ज्ञांना वारंवार सापडलं आहे त्याचं नाव पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल फॉर्माल्डिहाइड रेझिन. नाव लांबलचक आहे, पण वस्तू ओळखीची आहे: चामडं आणि रबर चिकटवायला वापरतात तो चांभारी गम याच जातीचा. म्हणून ज्यांना टिकलीची ॲलर्जी आहे त्यांनी घड्याळाच्या चामडी पट्ट्याखालचं मनगट आणि चपलेच्या पट्ट्याखालचा पाय बघावा. तिथेही खाज असेल तर कोडं अर्ध्याहून जास्त सुटलं.

हे रेझिन बनताना त्यातली द्रव्यं एकमेकांशी पूर्ण बांधली गेली नाहीत तर त्यात सुटं पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल शिल्लक राहतं. ॲलर्जीपेक्षा मोठी काळजी याची आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी टायरोसिन नावाच्या द्रव्यापासून मेलॅनिन, म्हणजे त्वचेचा रंग, तयार करतात, आणि या फिनॉलची ठेवण टायरोसिनशी मिळतीजुळती असते. पेशी फसते, त्याच्यावर तीच प्रक्रिया करायला जाते, आणि त्यातून तिलाच मारणारं विष तयार होतं. पेशी मेली की तिथला रंग गेला.

पांढरा डाग: कोड की केमिकलचा परिणाम

केमिकलमुळे असा रंग जाण्याला रासायनिक ल्युकोडर्मा म्हणतात आणि तो टिकलीपुरता नाही. 1939 मध्ये अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात कामगारांचे हात पांढरे पडू लागले. कारण निघालं त्यांच्या रबरी हातमोज्यांतलं एक द्रव्य. 2013 मध्ये जपानमध्ये कानेबो कंपनीला त्वचा उजळवणारी उत्पादनं बाजारातून परत घ्यावी लागली, कारण त्यांतल्या ऱ्होडोडेनॉलमुळे हजारो बायकांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे चट्टे उठले. तेही फिनॉलच्याच घराण्यातलं द्रव्य होतं. आपल्याकडे रबरी चपलेच्या पट्ट्यांखाली, केसांच्या रंगाने आणि टिकलीने असे डाग पडलेले रुग्ण डॉक्टर अनेक वर्षं पाहत आहेत.

घरात मात्र पहिला शब्द निघतो तो 'कोड', आणि तो हळू आवाजात. मुलगी लग्नाची असेल तर दवाखान्यात जायच्या आधी डाग लपवायची मोठी टिकली आणली जाते. याहून वाईट काही करता येणार नाही: ज्या वस्तूने रंग गेला तीच, आणखी मोठ्या मापात, रोज त्याच जागी. डाग वाढतो, म्हणून टिकली वाढते. (कोड हाही संसर्गजन्य नाही आणि लाज वाटण्यासारखाही नाही, पण तो वाद इथे उकरत नाही.)

दोन्हींत फरक कसा करायचा? घरच्या घरी खात्रीने करता येत नाही, डॉक्टरांनाही काही वेळा वाट पाहावी लागते. तरी काही खुणा उपयोगाच्या आहेत. डाग नेमका टिकलीच्या जागी सुरू झाला का? कडेला मोहरीएवढे सुटे सुटे ठिपके आहेत का? अंगावर इतरत्र, म्हणजे ओठांच्या कडा, बोटांची टोकं, कोपर, गुडघे इथे काही नाही ना? टिकली बंद केल्यावर डाग वाढायचा थांबला का? उत्तरं 'हो' असतील तर केमिकलची शक्यता वाढते. पण ज्याच्या अंगात कोडाची प्रवृत्ती आहे त्याला त्वचेवरच्या चोळवटीने किंवा जखमेनेही त्या जागी कोड सुरू होऊ शकतं, म्हणून निदान डॉक्टरांवर सोडा. ते वुड्स लॅम्प नावाच्या दिव्याखाली डाग बघतात. पूर्ण रंग गेलेला भाग त्यात निळसर पांढरा चमकतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती बहुतेकांना धक्का देते: आधी खाज यायलाच हवी असं नाही. कधीही न खाजलेल्या कपाळावरही थेट फिकट ठिपका दिसू शकतो. 'मला तर काही होत नाही' म्हणणाऱ्यांनीही महिन्यातून एकदा टिकली काढून उजेडात बघावं.

वेळेवर थांबलं तर रंग परत येऊ शकतो. लवेच्या मुळांशी बारीक तपकिरी ठिपके दिसू लागतात आणि हळूहळू एकत्र होतात. याला महिने लागतात. काहींचा पूर्ण येत नाही.

चार आठवडे सगळं बंद

संशय पक्का करायचा तर चार आठवडे कपाळावर काहीही नको: टिकली, कुंकू, गंध, लिक्विड टिकली, सगळं. अर्धवट बंद केलं तर काहीच कळत नाही. सोमवार ते शुक्रवार बंद आणि शनिवारी लग्नाला लावली, तर पुढचे दोन आठवडे त्वचा त्या शनिवारचाच हिशेब करत बसते.

हे लिहायला सोपं आहे. हळदीकुंकवाला कपाळ पुढे न करणं, सासूबाईंच्या नजरेला नजर देणं, ऑफिसात 'आज टिकली नाही?' ऐकणं हे चार आठवडे टिकवणं सोपं नाही. 'डॉक्टरांनी बंद केलंय' हे वाक्य इथे कामाला येतं. त्वचेबद्दल तुमचं स्वतःचं मत घरात चालत नाही, डॉक्टरांचं चालतं. हळदीकुंकवाला कुणी बोट पुढे केलं तर हात पुढे करून मनगटावर लावून घ्या आणि घरी येऊन धुवा.

या काळात पुरळ ओलं असेल तर थंड पाण्याची घडी आणि साधी पेट्रोलियम जेली पुरे. लिंबू, टूथपेस्ट, तुरटी नको. हळदही नको. हळदीचीही ॲलर्जी असू शकते, आणि चिघळलेल्या त्वचेवर ती लावायची ही वेळ नाही. काळा डाग उरला असेल तर त्यावर सनस्क्रीन, शक्यतो आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत. डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काळपटपणा वाढवतो आणि तो नुसत्या पांढऱ्या सनस्क्रीनने नीट अडत नाही. तरी तो डाग जायला काही महिने लागतीलच.

चार आठवड्यांनी कपाळ शांत झालं की एकेक वस्तू परत आणायची, पण कपाळावर नाही. कुंकू किंवा गंध असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, आठवडाभर. काही उठलं नाही तर कपाळावर. टिकली तपासायची तर हाताच्या आतल्या बाजूला दोन दिवस, आणि नंतर आठवडाभर लक्ष. पण फिकट डाग आधीच पडलेला असेल तर टिकलीची ही चाचणी घरी अजिबात करू नका. हातावरही पांढरा ठिपका पडू शकतो.

मेडिकलमधून आणलेली ती ट्यूब

त्रास पुन्हा पुन्हा येण्याचं दुसरं मोठं कारण टिकली नाही, उपचार आहे. मेडिकलवाल्याला कपाळ दाखवलं की एक ट्यूब मिळते. त्यात स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ट्यूबवर विश्वास बसतो आणि टिकली चालू राहते. ट्यूब थांबवली की खाज परत. काळ्या डागासाठी मिळते ती ट्यूब त्याहून अवघड: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन नावाचं स्टेरॉइड. ही औषधं वाईट नाहीत, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या आठवड्यांपुरती. वर्षभर क्रीमसारखी लावली तर त्वचा पातळ होते, लालसर रेषा दिसतात, लव वाढते. शिवाय स्टेरॉइडनेही त्वचा फिकट पडते, म्हणजे आता फिकट डाग टिकलीचा, कोडाचा की ट्यूबचा, हे कुणालाच सांगता येत नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारने असली स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत, शेड्यूल एचमध्ये, टाकली. दुकानात अजून चिठ्ठी कोण मागतं ते तुम्हीच बघा.

टिकलीऐवजी काय

मेणावरचं कुंकू हा जुना उपाय आजही चांगला आहे. आज्ज्यांच्या करंड्याशेजारी मेणाची डबी असायची: आधी बोटाने मेणाचा गोल ठिपका, मग त्यावर कुंकू. गम नाही, आणि रंग मेणावर बसतो. पण कुंकू कोणतं, हा प्रश्न राहतोच. हळकुंडांवर लिंबू आणि टाकणखाराची प्रक्रिया करून केलेलं कुंकू वेगळं आणि पिठात सिंथेटिक रंग मिसळून केलेलं वेगळं. स्वस्त, भडक, बोटाला गुलाबी डाग सोडणाऱ्या कुंकवातल्या अझो रंगांनी काळपट चट्टे पडतात हे ठाऊक झालेलं आहे. शेंदराची गोष्ट आणखी वेगळी, त्यात शिसं किंवा पारा असू शकतो. रंगासाठी शिशाची संयुगं सौंदर्यप्रसाधनांत वापरायला भारतात बंदी आहे, पण पूजेच्या दुकानातला शेंदूर अंगाला लावायचा म्हणून विकलेला नसतो. तो देवासाठी असतो, त्याला देवावरच राहू द्या.

रोजच्यासाठी मला सगळ्यांत व्यवहार्य वाटते ती लिप पेन्सिल किंवा आयब्रो पेन्सिल. तिच्यावर घटकांची यादी छापलेली असते, ही तिची मोठी जमेची बाजू. टोक केलं, ठिपका दिला, रात्री तेलाने पुसला. घामाने पसरते म्हणून वर किंचित पावडर. लिक्विड टिकली गमशिवाय असली तरी तिच्यात रंग आणि वाळून पापुद्रा धरणारं द्रव्य असतं. ती कोपरावर तपासल्याशिवाय नको. 'मेडिकल गम' म्हणून विकल्या जाणाऱ्या ॲक्रिलिक गमच्या टिकल्या काहींना सोसतात. फिकट डाग पडून गेलेल्यांनी मात्र कोणतीही चिकटणारी टिकली न लावलेली बरी, मग तिच्या पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

पाकिटावरच्या शब्दांबद्दल थोडं. 'हर्बल', 'व्हीगन', 'क्रुएल्टी-फ्री' हे शब्द चांगल्या गोष्टी सांगतात, पण तुमच्या कपाळाबद्दल काही सांगत नाहीत. प्राण्यांवर सौंदर्यप्रसाधनांची चाचणी करायला भारतात 2014 पासून बंदी आहे, म्हणजे इथे बनलेल्या वस्तूवर 'क्रुएल्टी-फ्री'चा शिक्का हा काही फार मोठा पराक्रम नाही. किड्यापासून काढलेला लाल रंग नको असेल तर लिप पेन्सिलच्या यादीत कार्माइन किंवा सीआय 75470 शोधा. ही निवड तुमच्या तत्त्वांची आहे आणि ती जरूर करा. ॲलर्जीची तपासणी मात्र वेगळी करावी लागेल. वनस्पतीचा अर्क आणि 'नैसर्गिक सुगंध' यांनीही पुरळ येतं.

पॅच टेस्ट

बंद करूनही चट्टा येत राहिला, डोळ्यांच्या पापण्या सुजल्या, फिकट डाग दिसला, किंवा नेमकं कशाने हे कळत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट करून घ्या. रक्ताची ॲलर्जी चाचणी इथे उपयोगाची नाही, ती वेगळ्या प्रकारच्या ॲलर्जीची असते आणि उगाच खर्च होतो. पॅच टेस्टमध्ये पाठीवर छोट्या डब्यांतून ठरावीक द्रव्यं चिकटवतात. आपल्याकडच्या इंडियन स्टँडर्ड सिरीजमध्ये, म्हणजे चाचणीच्या ठरलेल्या द्रव्यांच्या संचात, टिकलीच्या गमचं रेझिन, पीपीडी, निकेल, सुगंधांचं मिश्रण हे सगळं आहे. पट्ट्या 48 तासांनी काढून बघतात आणि 72 किंवा 96 तासांनी पुन्हा. तोवर पाठ भिजवायची नाही आणि घाम गाळायचा नाही, म्हणून शक्य असेल तर भर उन्हाळ्यात करू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा पाठीवर मलम लावलेलं असेल तर आधी सांगा, निकाल चुकू शकतो.

जाताना वापरातल्या सगळ्या वस्तू पिशवीत घालून न्या: टिकलीची पाकिटं, कुंकवाची डबी, केसांचा रंग, तेल, ती ट्यूबसुद्धा. चट्टा जोरात असतानाचे फोटो मोबाइलमध्ये तारखेसह ठेवा, कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी तो हमखास बसलेला असतो. टेस्टनंतर ज्या द्रव्यांची ॲलर्जी निघाली त्यांची नावं लिहून मागा. टिकल्यांच्या दुकानात त्या कागदाचा फारसा उपयोग होणार नाही, पण चामड्याची चप्पल, घड्याळाचा पट्टा आणि केसांचा रंग घेताना होईल.